चेंडूची चाल जपली पाहिजे

जुन्या संगणकीय खेळांच्या पुनर्निर्मितीविषयी मत मांडण्यास शाळेची स्मरणिका हे योग्य स्थळ आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. संगणकाच्या व्यवसायात असलेल्या आम्हां काही माजी विद्यार्थ्यांना ते योग्य वाटते. विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी संगणककक्षात प्रथम पाऊल टाकले, त्यांना ‘थ्रीडी पिनबॉल : स्पेस कॅडेट’ हे पूर्ण नाव कदाचित स्मरणार नाही, परंतु अवकाशयानाचा तो गडद पट, स्पेसबार दाबून धरल्यावर ताणली जाणारी स्प्रिंग आणि ‘झेड’ कळीने उडवलेला चेंडू त्यांच्या बोटांना आजही आठवत असेल. सराव चालू असल्याचे भासवून कोपऱ्यात कोणता खेळ रंगत असे, हे शिक्षकांनाही ठाऊक होते.

हा खेळ मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हे. सिनेमॅट्रॉनिक्स या छोट्या अमेरिकी कंपनीने तो घडविला आणि मॅक्सिस या प्रकाशकाने १९९५ साली ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ या नावाने बाजारात आणला. त्यात तीन पट होते. त्यांपैकी एकच पट मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या ‘प्लस!’ या पुरवणीत घेतला आणि पुढे एनटी ४.०, २०००, एमई व एक्सपी या आवृत्त्यांबरोबर तो जगभर पोहोचला. व्हिस्टामध्ये मात्र तो दिसेनासा झाला.

का, याचे उत्तर मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०१२ साली लिहिले. ६४-बिट विंडोजसाठी हा खेळ नव्याने सिद्ध करताना चेंडू कशालाही न अडखळता आरपार जाऊ लागला. खेळ सुरू होताच तो स्प्रिंगमधून निसटून पटाखाली नाहीसा होई. कोड बाहेरच्या कंपनीने अनेक वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नाहीत, आणि टक्कर ओळखणारा भाग कसा चालतो हे सांगणारा कोणी कार्यालयात उरलेला नाही. अखेर खेळच वगळण्यात आला. आम्ही या व्यवसायात असल्याने या हकिकतीचे आम्हांस नवल वाटत नाही, खेद मात्र वाटतो. लक्षावधी लोकांच्या हातातील वस्तू केवळ कोणी चार ओळींच्या टिपा लिहिल्या नाहीत म्हणून नाहीशी व्हावी, याला कालाचा महिमा म्हणता येणार नाही. तो हयगयीचा परिणाम आहे.

या खेळाला नवे आयुष्य मिळाले ते कंपनीबाहेरून. २०२१ साली टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने एक्सपीमधील तयार प्रोग्राम उलगडून त्यापासून पुन्हा वाचता येईल असा कोड सिद्ध केला व तो सर्वांसाठी खुला ठेवला. हे काम किती किचकट, ते पालकांना कळावे म्हणून सांगतो : भाजलेल्या भाकरीवरून पिठात पाणी किती होते आणि ते किती वेळ मळले हे ओळखण्यासारखे ते आहे. चलांची नावे, लेखकाचे हेतू, सारे पुसले गेलेले असते. उरतात त्या आकड्यांच्या हालचाली. त्यांतून भिंत कोणती, फ्लिपर कोणता हे एकेक करून ठरवावे लागते.

याहून सोपा मार्गही आहे. जुने चित्र समोर ठेवून तसाच दिसणारा खेळ नव्याने रचावा. असे प्रयत्न होतात, आणि दोन मिनिटांत कळते की हा तो चेंडू नव्हे. मूळ खेळात पट त्रिमितीय भासतो तो आधीच रंगवलेल्या चित्रांमुळे; कोणत्या भिंतीवरून चेंडूने किती जोराने परतावे, हे मात्र आकड्यांत नोंदवलेले आहे. खेळाडूच्या बोटांत मुरते ते हे गणित. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आजच्या खेळाडूंसाठी पडदा मोठा करावा, भ्रमणध्वनीवर स्पर्शाने फ्लिपर हलू द्यावेत, लिनक्स वा मॅकवर खेळ चालवावा. चेंडूच्या चालीला मात्र हात लावू नये. पट जास्त हलवला तर फ्लिपर निर्जीव होतात, ती शिक्षाही राहावी. मोहीम स्वीकारल्यावर इंधन संपले तर मोहीम रद्द होते, तेही राहावे.

आजच्या मुलांना हे कंटाळवाणे वाटेल, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. वाटेलही. पण तीन चेंडूंत संपणाऱ्या खेळात जाहिरात पाहून चौथा चेंडू मिळवण्याची सोय केली, तर कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत चढण्याला काय अर्थ उरला? तसले खेळ बाजारात भरपूर आहेत. त्यांना हे नाव कशाला?

स्वामित्वहक्काचा प्रश्न अवघड आहे. उपरोक्त प्रोग्रामरने स्वतःच्या कोडबरोबर मूळ चित्रे व आवाज दिलेले नाहीत. ते ज्याने त्याने आपल्या जुन्या प्रतीतून आणावयाचे. हा विवेक आम्हांस आवडतो. परंतु वर्षानुवर्षे न विकलेल्या खेळाचा मूळ कोड मालकांनी स्वतःहून खुला करावा, किमान एखाद्या संग्रहालयाकडे सोपवावा, अशी अपेक्षा बाळगण्यात काही गैर आहे असे आम्हांस वाटत नाही. छापील पुस्तकाची प्रत ग्रंथालयात राहते. प्रोग्रामची प्रत कोणाच्या तरी कपाटातील हार्ड डिस्कवर राहते, आणि ती डिस्क एके दिवशी भंगारात जाते.

तेव्हा ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी माळ्यावर एक्सपीचा जुना संगणक धूळ खात पडला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा सुरू करून पाहावा. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ‘विंडोज एनटी’ नावाचा फोल्डर असतो व त्यात ‘पिनबॉल’. तेथील ‘पिनबॉल डॉट डॅट’ या फाइलमध्ये ती चित्रे आणि भिंतींचे ते आकडे आहेत. आवाजाच्या फाइल्स शेजारीच असतात. त्याही विसरू नयेत.