पत आणि विमा

सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची लेक आणि जावई नुकतेच न्यूजर्सीला गेले. मोटारीचा विमा उतरवायला गेले, तर कंपनीने आधी त्यांच्या कर्ज-उधारीची चौकशी केली. 'कुणाचा पैसा कधी बुडवला नाही, मग ही चौकशी कशाला?' असं त्या विचारतात.

यात अपमान वाटून घेऊ नका. आपल्याकडे मोटारीच्या विम्याला गाडीची किंमत, तिचं वय, गेल्या वर्षी भरपाई मागितली का, हे पाहतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत माणसाची पतसुद्धा पाहतात. वेळेवर देणी फेडणारा माणूस भरपाईही कमी मागतो, असा कंपन्यांचा हिशेब! हे कितपत न्यायाचं, यावर तिथंही वाद आहे. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांत मोटारविम्यासाठी पत पाहायला मनाईच आहे.

पतीचा पगार किंवा बँकेतली शिल्लक या हिशेबात धरत नाहीत, बरं का. देणी वेळेवर फेडली का, कार्डावर बाकी किती, खातं किती जुनं, हे पाहतात. इथली पत तिथं सहसा चालत नाही, म्हणून नव्याने गेलेल्यांची पाटी कोरी. त्यातून सगळे व्यवहार नवऱ्याच्याच नावावर राहिले, तर बायकोची पाटी वर्षानुवर्षं कोरीच राहते. उद्या एकटीवर वेळ आली, की ते जड जातं.

तेव्हा लेकीला एवढं कळवा :

१. जावयांच्या क्रेडिट कार्डावर तिचंही नाव घालावं, किंवा अनामत ठेवून मिळणारं छोटं कार्ड स्वतःच्या नावावर घ्यावं. थोडीच खरेदी करावी आणि बिल दरमहा पुरतं फेडावं.

२. तीन-चार कंपन्यांकडून दर मागवावेत. विमा कंपनीने चौकशी केली म्हणून पत घसरत नाही.

३. पत पाहून कंपनीने जादा हप्ता लावला, तर १९७० च्या कायद्याप्रमाणे तिला तसं कळवावं लागतं. त्यानंतर ६० दिवसांत मागितल्यास पतअहवालाची प्रत फुकट मिळते. ती बारकाईने वाचावी आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी.

४. घटस्फोट, पतीचं निधन, मोठं आजारपण अशा कारणाने पत खालावली असेल, तर पुष्कळ राज्यांत सवलत मागता येते. मात्र अर्ज लेखी करावा आणि सोबत कागदपत्रं जोडावीत.

आणि हो, बिलांच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवायला सांगा. ही सवय आपल्यालाही उपयोगाचीच!