शून्य कुठे गेले?

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी करताना माझ्या हातून एक चूक झाली. मुलींचे बँक खाते क्रमांक मी संगणकावरच्या तक्त्यात भरत होते. तिघींचे क्रमांक शून्याने सुरू होत होते. मी शून्य टाइप केले, पण पुढच्या रकान्यात जाताच ते गायब झाले आणि माझ्या लक्षात आले नाही. यादी परत आली, पैसे दोन महिने लांबले. एकीच्या अम्मीने काळजीने विचारले, "मॅडम, आमचाच नंबर चुकला का?" नंबर बरोबर होता. चूक माझी होती. ही माहिती कोणत्या प्रकारची आहे, हे मी संगणकाला सांगितलेच नव्हते.

म्हणून यंदा आठवीला पायथॉन शिकवताना मी सुरुवात इथूनच केली.

प्रोग्राममध्ये माहिती ठेवायची तर तिला नाव द्यावे लागते. हे नाव म्हणजे व्हेरिएबल, मराठीत चल. स्वयंपाकघरातल्या डब्यावर आपण चिठ्ठी लावतो, तसेच. 'पेट्या = 5' लिहिले की त्या नावाखाली 5 राहतात. मग 'पेट्या = पेट्या + 1' लिहिले की मुले म्हणतात, "हे तर गणितात चूक!" खरे आहे. पण इथे बरोबरच्या चिन्हाचा अर्थ वेगळा: उजवीकडचा हिशेब कर आणि उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेव. आता पेट्या 6 झाल्या.

माहितीचे मूळ प्रकार चार. आंब्याच्या पेट्या पूर्णांकात मोजतो. अडीच किलो बांगडे म्हणजे 2.5, हा दशांश. नाव हा मजकूर, तो अवतरणचिन्हांत लिहायचा. आणि मुलगा आज हजर आहे की नाही, याचे उत्तर खरे किंवा खोटे. या प्रकाराला जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून बूलियन म्हणतात.

वर्गात एकाने दोन पेट्यांतले आंबे विचारून बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. 48 आणि 60 दिले, उत्तर आले 4860! सगळे हसले. पायथॉन कीबोर्डवरून विचारून घेतलेली माहिती मजकूरच समजतो आणि मजकुराला मजकूर जोडून टाकतो. आधी दोन्हींचे पूर्णांकात रूपांतर केले, तेव्हा 108 आले.

याच्या उलट गंमत रत्नागिरीच्या दूरध्वनी संकेतांकाची. "02352" या मजकुराचा पूर्णांक केला की 2352 उरतात. हिशेबात पुढच्या शून्याला किंमत नाही, संकेतांकात मात्र आहे. 415612 हा आपला पिनकोडही दिसायला संख्याच. पण दोन गावांच्या पिनकोडची बेरीज कोण करतो?

मी मुलांना एकच कसोटी दिली आहे: ज्याचा हिशेब करायचा ती संख्या, ज्यावरून नुसती ओळख पटवायची तो मजकूर.

पालकांनो, हा धडा संगणकाशिवायही घेता येतो. घरातले विजेचे बिल मुलांपुढे ठेवा. ग्राहक क्रमांक कोणत्या प्रकारचा? युनिट? रुपये-पैशांतली रक्कम? आणि बिल भरले की नाही? चारही प्रकार त्या एका कागदावर सापडतील. आणि कुठल्याही अर्जात खाते क्रमांक भरला की पाठवण्याआधी पासबुकाशी एकेक अंक ताडून पाहा, पहिल्या शून्यापासून.