न झालेला सौदा

क्रिकेटच्या स्कोअरकार्डात सुटलेल्या झेलाची नोंद नसते. ज्याच्या हातून झेल सुटतो तो संध्याकाळी कपडे बदलून घरी जातो, आणि बॅट्समननं पुढे शतक ठोकलं तरी पेपरातल्या धावफलकात त्या बिचाऱ्याचं नाव येत नाही. बेसबॉल इतका मायाळू नाही. मैदानातल्या फलकावर धावा, हिट आणि चुका असे तीन रकाने शेजारीशेजारी असतात. बॉल हातून निसटला, की भर मैदानात सगळ्यांदेखत तिसरा आकडा बदलतो. शिवाजी पार्कात वाढलेल्या मला हा खेळ पहिल्यांदा कळला तो त्या तिसऱ्या रकान्यामुळे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बिऱ्हाड केलं तेव्हा कुठली टीम आपली म्हणायची हा प्रश्नच आला नाही. यांकीज ब्राँक्सचे, श्रीमंत, जिंकायची सवय लागलेले. मेट्स आमच्या 7 नंबरच्या लोकलवरचे. फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात दर्शन, खालच्या कँटीनमध्ये डोसा, मग लोकलनं एक स्टेशन मागे येऊन सिटी फील्ड, असा आमचा सुट्टीचा दिवस. मेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज 1986 साली जिंकलेली. तेव्हा आधी देवळात जाऊन आलेलं बरंच.

या टीममध्ये विल्मर फ्लोरेस होता. व्हेनेझुएलाच्या व्हॅलेन्सियाचा पोरगा. मेट्सनी त्याला करारात बांधलं ते 6 ऑगस्ट 2007 रोजी, त्याच्या सोळाव्या वाढदिवशी. बरोबर सहा वर्षांनी, बाविसाव्या वाढदिवशी, तो पहिल्यांदा मेट्सकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. मधली वर्षं कनिष्ठ टीम्समध्ये, परमुलखात गेली. इंग्रजी तो ‘फ्रेंड्स’ बघून शिकला, आणि बॅटिंगला येताना मैदानात वाजवायला त्यानं त्याच मालिकेचं शीर्षकगीत निवडलं. आमच्या घरात अमेरिकन बोलणं आलं तेही त्याच मालिकेतून. हे कळलं त्याच क्षणी लेकीनं त्याचा 4 नंबरचा शर्ट मागितला. मला आणखी एक घ्यावा लागला, कारण ती एकटी घालायला तयार नव्हती.

2015 साली मेट्सनी फ्लोरेसला शॉर्टस्टॉपला उभं केलं, आणि माझं रक्त आटायला सुरुवात झाली. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. बहुतेक बॅटर उजवे, त्यांनी खेचलेला बॉल सरपटत येतो तो इकडेच. बॅटरला 90 फुटांवरचा पहिला बेस गाठायला साधारण चार-सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात बॉलपर्यंत पोचायचं, तो हातमोज्यात घ्यायचा, मोज्यातून काढायचा, पाय रोवायचे आणि फेकायचा. एकनाथ सोलकरनं 27 कसोटींत 53 झेल घेतले. तसली नजर आणि मांजराची चपळाई लागते तिथे. फ्लोरेसची बॅट बरी चालायची, पाय मात्र जड. डावीकडचा बॉल तो गाठेपर्यंत माझा श्वास अडकायचा, आणि फेक पहिल्या बेसच्या डोक्यावरून गेली की तोंडातून जे बाहेर पडायचं ते लेकीसमोर बोलण्यासारखं नसायचं. मध्यंतरी त्याला सेकंड बेसला हलवलं. माझं मत बदललं नाही. हा विकला तर बरं होईल, असं मी त्या उन्हाळ्यात ऑफिसात किमान पाच जणांना सांगितलं होतं.

29 जुलै, बुधवारची रात्र. सॅन डिएगोविरुद्ध सामना होता, मी घरी टीव्हीसमोर. खेळाडूंच्या देवघेवीची मुदत 31 जुलैला संपणार होती. मॅच चालू असतानाच फोनवर बातमी आली: फ्लोरेस आणि कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेला पिचर झॅक व्हीलर मिलवॉकीला, बदल्यात कार्लोस गोमेझ मेट्सकडे. स्टेडियममधल्या लोकांच्याही हातात फोन होतेच. थोड्या वेळानं फ्लोरेस बॅटिंगला आला आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

त्याला कळेना, या टाळ्या कशाच्या. सामना हातचा चाललेला, त्यानं काही पराक्रम केलेला नव्हता. आऊट होऊन परत जातानाही टाळ्या. मग कुणीतरी त्याला सांगितलं, की तुला विकलंय. ज्या टीमनं सोळाव्या वर्षी घरातून आणलं तिनं. गंमत म्हणजे मॅनेजर टेरी कॉलिन्सलाही यातलं काही माहीत नव्हतं. म्हणून तो याला बाहेर काढत नव्हता, आणि पुढच्या इनिंगला फ्लोरेस पुन्हा फील्डिंगला गेला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर स्थिर होता. तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. दोन पिचच्या मध्ये पुसायचा, पुन्हा वाकून बॉलची वाट बघायचा.

मी उठून टीव्हीचा आवाज बंद केला. लेक काही बोलली नाही. मघाशी बातमी वाचून ‘सुटलो एकदाचे’ म्हणालो होतो, ते तिनं ऐकलं होतं.

अमेरिकेत हा व्यवहार रोजचा. खेळाडूची संमती कुणी विचारत नाही. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं पुरी झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे गेली असतील, तर नाही म्हणायचा हक्क आपोआप मिळतो, नाहीतर तो करारात लिहून घ्यावा लागतो. बाकीच्यांनी बॅग भरायची. आपल्याकडे आयपीएलनं माणसांवर बोली लावली तेव्हा जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली होती. पण लिलावाची तारीख तरी ठरलेली असते. भर मैदानात, हातात मोजा असताना, आपला भाव लोकांच्या टाळ्यांवरून कळण्याची पाळी तिथे कुणावर येत नाही. आणि त्या टाळ्या वाजवणारे कोण? एप्रिलपासून त्याच्या प्रत्येक चुकीला कण्हणारे आम्हीच. प्रेमानंच वाजवल्या होत्या, पण बातमी फोडली ती आम्ही.

सामना संपल्यावर जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन यांनी सांगितलं, की सौदा झालेला नाही. गोमेझच्या खुब्याविषयी शंका आली, असं कारण पुढे आलं. दुसऱ्याच्या खुब्यामुळे याचं बिऱ्हाड वाचलं. रडायचं ते मात्र रडून झालं होतं, आणि ते सगळ्या देशानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसाची, 30 तारखेची दुपारची तिकिटं माझ्याकडे होती. त्यासाठी रजा टाकली होती. नवव्या इनिंगमध्ये मेट्स पुढे, दोन आऊट, एकच बाकी, आणि पाऊस. आपल्याकडे असतं तर डकवर्थ-लुईस लावून घरी पाठवलं असतं. इथे थांबवून पुन्हा खेळवलं, आणि जस्टिन अप्टननं होम रन मारून सामना 8-7 असा फिरवला. भिजलेल्या शर्टानं लोकलमध्ये उभा होतो. फ्लोरेस त्या दिवशी खेळला नव्हता, एवढं एक सुख.

31 ला मात्र खेळला. शुक्रवार, समोर वॉशिंग्टन, जे गटात तीन सामन्यांनी पुढे होते. माझी दुसरी रजा मंजूर होण्यासारखी नव्हती, म्हणून परत टीव्ही. पहिल्याच इनिंगमध्ये फ्लोरेसनं झेप घेऊन एक बॉल अडवला. जडशीळ म्हणून मी ज्याला हिणवायचो तो. बॅटिंगला आला की दरवेळी लोक उभे. मेट्सची पहिली धावही त्याच्याच हिटवर आली. 1-1 अशी बरोबरी बाराव्या इनिंगपर्यंत ताणली गेली आणि पहिलाच बॅटर फ्लोरेस. बॉल डावीकडच्या भिंतीपलीकडे गेला. बेस ओलांडत घराकडे येताना त्यानं छातीवरची ‘मेट्स’ ही अक्षरं मुठीत धरून ओढून दाखवली. लेक ओरडत होती, खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी मारली, बायको दारात येऊन ‘कोण गेलं?’ म्हणून विचारत होती. मी रडत होतो. नंतर बायकोनं ते चार घरी सांगितलं.

वॉशिंग्टनविरुद्धचे तिन्ही सामने मेट्सनी जिंकून बरोबरी गाठली, पुढे गट जिंकला. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीच्या घसरत्या धडकेनं आमच्या शॉर्टस्टॉपचा, रूबेन तेहादाचा, पाय मोडला, आणि शॉर्टस्टॉपला पुन्हा फ्लोरेस आला. वर्ल्ड सिरीजही गाठली. ती संपली 1 नोव्हेंबरच्या सामन्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. मैदान तेच. इनिंगही बारावीच. कॅन्सस सिटी 7-2 ने पुढे. मेट्सचा शेवटचा बॅटर फ्लोरेस. तिसरा स्ट्राइक त्यानं बॅट न फिरवता नुसता पाहिला. समोरचे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर 2018 मध्ये मेट्सनी त्याचा करार पुढे चालवला नाही. यावेळी टाळ्या नव्हत्या, हंगाम संपलेला होता. एक वर्ष ॲरिझोना, 2020 पासून सॅन फ्रान्सिस्को. 2021 मध्ये त्या टीमनं 107 सामने जिंकले आणि बाद फेरीच्या निर्णायक सामन्यात डॉजर्सकडून 2-1 हरली. शेवटचा आऊट पुन्हा फ्लोरेस. त्यानं बॅट अर्ध्यात रोखली होती, तरी अंपायरनं फिरली असं दिलं. रिप्ले मी बऱ्याच वेळा पाहिलाय. फिरली नव्हती. अशा निर्णयाविरुद्ध तेव्हा दाद मागता येत नव्हती.

2023 साली त्यानं 23 होम रन मारले. त्यानंतर गुडघ्यानं एक हंगाम खाल्ला. 16 मे 2025 रोजी, तेहतिसाव्या वर्षी, त्यानं एका सामन्यात तीन होम रन मारले आणि आठ धावा एकट्याच्या बॅटवर आल्या. लेक आता शिकायला दुसऱ्या शहरात असते. त्या रात्री तिचा मेसेज आला: ‘बाबा, अजून विकायचाय का?’

मी उत्तर दिलं नाही. 4 नंबरचा शर्ट अजून कपाटात आहे, पोटावर जरा आवळतो. शॉर्टस्टॉप म्हणून तो सुमार होता, हे माझं मत मात्र कायम आहे.