ठिबकची यादी वाचायची कशी?

हेमलकशाजवळच्या एका गावातून वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. गावातल्या बचत गटानं यंदा उन्हाळी भाजीपाला करायचं ठरवलंय. विहीर आहे, कुंपण आहे, दोनशे लिटरचा ड्रमही आहे. ठिबकसाठी दुकानदारानं सामानाची यादी करून दिली. "पण त्यातली निम्मी नावं आम्हाला कळत नाहीत, आणि पैसे मात्र सगळ्यांचे द्यायचे आहेत," असं त्या लिहितात. गटाची वर्षभराची बचत या यादीत जायची आहे. तेव्हा विचारलंत ते बरं केलंत, बाई!

मैत्रिणींनो, भामरागडच्या बाजूला पावसाला तोटा नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथंच भेटतात, आणि पावसाळ्यात पुरानं रस्तेसुद्धा बंद होतात. पण भात निघाला की बरीचशी शेतं रिकामी. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानं. अशा दिवसांत हंड्यानं वाफे भिजवायला सवड कुणाला? मग ताटातली भाजी आटते. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प आपल्याला दवाखाना आणि शाळेमुळे ठाऊक आहे. पण आजारावर औषध जितकं गरजेचं, तितकीच ताटात भाजीही हवी, नाही का?

ठिबकचं तत्त्व आपल्याला नवं नाही. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं असतं, थेंब थेंब पडत राहतो. तेच रोपाच्या मुळाशी करायचं. इस्राएलमध्ये १९६५ साली त्याचा कारखाना निघाला, आणि पुढे आपल्या जळगाव-नाशिककडच्या केळी-द्राक्षांत ते रुजलं. पाटाच्या पाण्यापेक्षा साधारण तीस ते पन्नास टक्के पाणी वाचतं, आणि मधली जागा कोरडी राहिल्यानं तणही कमी.

आता यादी घेऊ या.

मेन आणि सबमेन : मेन म्हणजे पाण्यापासून शेतापर्यंतची जाड नळी, सबमेन म्हणजे वाफ्यांच्या डोक्याशी आडवी टाकलेली. लहान बागेला दोन्ही कशाला? ड्रमपासून एकच जाड नळी आडवी नेली की भागतं.

लॅटरल : ओळीतून जाणारी काळी बारीक नळी, बहुधा १६ मिलिमीटरची. ती सबमेनला जोडायचा तुकडा म्हणजे टेक-ऑफ, आणि त्याच्याभोवती गळू नये म्हणून बसवायची रबरी चकती म्हणजे ग्रोमेट. वस्तू चार पैशांच्या, पण दोन-चार जादा घेऊन ठेवा. भामरागडात ऐनवेळी मिळतीलच असं नाही.

ड्रिपर : हीच ती थेंब पाडणारी तोटी. नळीच्या आतच बसवलेली असली तर इनलाइन, वरून टोचून बसवायची ती ऑनलाइन. भाजीच्या सरळ ओळींना इनलाइन बरी, दूर दूर लावलेल्या फळझाडांना ऑनलाइन. यादीत "२ एलपीएच, ३० सेंमी" असं असेल, तर एक तोटी तासाला दोन लिटर पाणी देते आणि दर तीस सेंटिमीटरला एक तोटी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पीसी ड्रिपर : चढ-उतारावर सगळीकडे सारखं पाणी देणारी महागडी तोटी. पण तिला आतून चांगला दाब लागतो, तो पंपाचा. ड्रमच्या पाण्यावर ती नीट चालत नाही. तुमच्या यादीत आहे, ती काढून साधी घ्या.

सँड फिल्टर : वाळूची मोठी गाळणी, नदी-तळ्याचं शेवाळ अडवणारी. स्वच्छ विहिरीच्या पाण्याला आणि एवढ्याशा बागेला नको. जाळीची गाळणी म्हणजे स्क्रीन फिल्टर पुरे. १२० मेशची मागा. गाळणी मात्र टाळू नका. चहाला गाळणं नसलं तर चोथा कपात येतो, इथं तो तोटीत अडकतो.

व्हेंच्युरी : खत ओढून घेणारं यंत्र. तेही पंपाच्या दाबावरच चालतं. तुम्ही विरघळणारं खत आधी बादलीत कालवून, फडक्यानं गाळून ड्रममध्ये घाला. शेणकाला मात्र ड्रममध्ये कधीही नाही. तो वेगळा, हातानं मुळाशी.

फ्लश व्हॉल्व्ह आणि एंड कॅप : नळ्यांच्या टोकाची बुचं. आठवड्यातून एकदा उघडून गढूळ पाणी वाहून जाऊ द्या.

आता हिशेब. दहा मीटरच्या पाच ओळी म्हणजे सुमारे १६५ तोट्या. कागदावर तासाला ३३० लिटर. पण हा आकडा पंपाच्या दाबाचा. दीड मीटर उंचीवरून निम्म्याहून कमीच पडतं, आणि ड्रम अंदाजे दीड-दोन तासांत रिकामा होतो. घाबरू नका, एवढ्या भाजीला उन्हाळ्यात दिवसाला एक ड्रम साधारण पुरतो.

पण तो भरायचा कुणी? पंधरा लिटरच्या हंड्यानं तेरा-चौदा खेपा, आणि ड्रम मांडवावर ठेवला तर प्रत्येक हंडा डोक्यावर उचलून ओतायचा. तसं करू नका. विहिरीजवळ चढाची जागा पाहा, ड्रम जमिनीवर ठेवा आणि वाफे खालच्या अंगाला करा. उंची मोजायची ती ड्रममधल्या पाण्यापासून वाफ्यापर्यंत. पाणी विहिरीपासून वाफ्यापर्यंत नळीनं जाऊ दे, मैत्रिणीच्या मानेवरून नको.

बसवून झाल्यावर एक परीक्षा घ्या. पहिल्या तोटीखाली एक पेला, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या तोटीखाली दुसरा, आणि दहा मिनिटं थांबा. दोन्हींत जवळपास सारखं पाणी हवं. शेवटचा पेला निम्माच भरला, तर कुठं गळतंय किंवा तुंबलंय ते शोधा. ही परीक्षा दुकानदाराच्या माणसासमोर घ्या, पैसे त्यानंतर चुकते करा!

आणखी दोन गोष्टी. मोहाखालचा पाचोळा पेटवतात, त्याची आग नळ्यांपर्यंत येऊ देऊ नका; प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. आणि पावसाच्या आधी लॅटरल धुऊन, गुंडाळून घरात उंच टांगा, नाहीतर उंदीर कुरतडतील.

सरकारी अनुदान मिळू शकतं. त्याची टक्केवारी आणि अटी बदलत असतात, म्हणून खरेदीच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. आधी खरेदी आणि मग अर्ज, असं केलंत तर अनुदान हातचं जाण्याची भीती.

तर भगिनींनो, यादीतल्या पीसी ड्रिपर, सँड फिल्टर आणि व्हेंच्युरीवर काट मारा. उरलेल्या पैशांत चांगलं बियाणं येईल. पहिली भेंडी निघाली की कळवायला विसरू नका!