सेकंद बरोबर, अर्धा तास चूक

तुम्ही शेवटचं मनगटी घड्याळ कधी 'लावलं' होतं? आठवून बघा. नाही ना आठवत? मोबाईल आल्यापासून वेळ ही आपोआप येणारी गोष्ट झालीय. नळाच्या पाण्यासारखी. किंबहुना नळापेक्षा भरवशाची!

मीही त्यातलाच. पण मागच्या वर्षी ठरवलं की सकाळी उठल्यावर पहिला तासभर मोबाईलला हातच लावायचा नाही. कारण साधं. वेळ बघायला म्हणून फोन उचलायचा आणि बॉसचे तीन मेल, सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं, कुणाच्या तरी गोव्याचे फोटो असं सगळं उरकून वीस मिनिटांनी तो खाली ठेवायचा. आणि मग लक्षात येतं, अरेच्चा, वेळ तर बघितलीच नाही! फोन नको, तर मग घड्याळ हवं. आणि घ्यायचंच तर जरा सॉलिड घेऊ.

तेव्हाच कंपनीने पंधरा दिवसांसाठी फ्रँकफर्टला पाठवलं. तिथल्या दुकानात हे भेटलं. दिसायला साधं, काट्यांचं, सोलर. पण विक्रेता म्हणाला, हे कधीच लावावं लागत नाही. ते रेडिओ ऐकतं.

मी त्याच्याकडे 'काय राव' अशा नजरेने बघितलं. पण तो खरं सांगत होता.

त्याचा फंडा असा. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. रेडिओ घड्याळाच्या पोटात मात्र तांब्याची तार गुंडाळलेली एक इवलीशी अँटेना असते. फ्रँकफर्टपासून साधारण २५ किलोमीटरवर माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथून १९७३ पासून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संदेश निघतो, अणुघड्याळाच्या हिशेबाने. दर सेकंदाला त्या लहरीचा जोर क्षणभर उतरतो. दहावा हिस्सा सेकंद उतरला तर शून्य, दोन दशांश उतरला तर एक. असे ठिपके जोडत मिनिटभरात तास, मिनिट, तारीख, वार सगळं सांगून होतं. आणि एकोणसाठावा सेकंद? तेव्हा तो जोर उतरतच नाही. त्या चुकलेल्या ठोक्यावरून घड्याळ ओळखतं की आता पुढचा ठोका नव्या मिनिटाचा. मला हे जाम आवडलं. बोलण्याइतकंच गप्प राहणंही कामाचं असतं, हे आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सांगायला हवं.

अशी केंद्रं जगात मोजकीच. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं फोर्ट कॉलिन्स, इंग्लंडमध्ये अँथॉर्न, चीनमध्ये शांगचिऊ आणि जपानमध्ये दोन, एक फुकुशिमाच्या डोंगरावर आणि दुसरं दक्षिणेकडे क्युशूमध्ये. घड्याळ रात्री बारानंतर, तुम्ही घोरत असताना, हा संदेश शोधतं. रात्री या लहरी लांबवर पोचतात आणि आसपासच्या यंत्रांचा गोंगाटही कमी असतो. हॉटेलात पहिल्या रात्री मी ते खिडकीत ठेवलं. सकाळी बटण दाबलं तर सेकंद काटा गर्रकन फिरून 'वाय'वर थांबला. वाय म्हणजे येस, संदेश मिळाला. मी एकटाच हसलो.

काट्यांच्या घड्याळात स्क्रीन नसतो, त्यामुळे सगळी कामं बिचाऱ्या सेकंद काट्याच्या अंगावर. आपल्या ऑफिसातल्या त्या एका माणसासारखा हा काटा! एकदा बटण दाबलं की 'वाय' किंवा 'एन' दाखवणार. मोड बदलला की कडेने लिहिलेल्या शहरांपैकी तुमचं शहर दाखवणार. बॅटरी उतरली की एकेक सेकंदाऐवजी दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत 'मला उन्हात ठेव' असं सुचवणार. माझं घड्याळ रात्री बराच वेळ अंधारात राहिलं तर हा काटा बारावर झोपतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, गेलं! पण दिवा लावला तर उठून कामाला लागलं.

मग मी पुण्यात परत आलो. शहर 'दिल्ली' केलं, कारण आख्ख्या भारताची वेळ तिथेच लिहिलेली असते. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी 'एन'. नो. कारण आपल्याकडे असं केंद्र नाही, जवळचं चीनचं तेही हजारो किलोमीटर लांब. आणि माझं मॉडेल तर 'दिल्ली'वर असताना संदेश शोधायच्या भानगडीतच पडत नाही. इतकं महागाचं घड्याळ माझ्या मनगटावर साधं क्वार्ट्झ होऊन बसलं होतं.

पण माणूस कधी गप्प बसतो? एका मित्राने जुगाड शिकवला. फोनवर एक ॲप येतं, ते जपानी केंद्राची नक्कल करतं. आवाज आपल्या कानाला जेमतेम ऐकू येणारा, पण इअरफोनच्या वायरीभोवती जी चुंबकीय लहर तयार होते, तिच्यातला तिप्पट वारंवारतेचा अंश बरोब्बर जपानच्या ४० किलोहर्ट्झवर बसतो. घड्याळ 'टोकियो'वर करायचं, इअरफोन त्याला चिकटवून ठेवायचा, संदेश मिळाला की पुन्हा 'दिल्ली'वर आणायचं. काटे साडेतीन तास मागे येतात, सेकंद मात्र अचूक राहतात. घड्याळाला वाटतं आपण जपानला जाऊन आलो!

हे मी एका बुधवारी रात्री केलं. आणि इथेच गडबड झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांना मुंबईला दाखवायचं होतं. हृदयाचा मामला. ज्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, ते महिन्यातून मोजकेच दिवस तिथे बसायचे. ही वेळ चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. डेक्कन क्वीनची दोन तिकिटं काढली होती, सव्वासातची. बाबा घोरपडीहून परस्पर स्टेशनवर येणार, मी कोथरूडहून. तिकिटं माझ्याकडे.

घड्याळातला साडेपाचचा गजर वाजला. उठलो, आवरलं, नियमाप्रमाणे फोनला हात लावला नाही, तसाच सॅकमध्ये टाकला. रिक्षा मिळाली. स्टेशनवर उतरलो तेव्हा मनगटावर पावणेसात. अर्धा तास हातात. बाबांसाठी चहा घ्यावा असा विचार करत पुलावरून उतरलो तर समोरून गाडी हलताना दिसली. मनात पहिला विचार काय आला असेल? 'डेक्कन क्वीन अर्धा तास आधी कशी सोडली?' इतका माझा त्या घड्याळावर विश्वास!

बाबा प्लॅटफॉर्मवर उभे होते. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फोन. माझ्या सॅकमध्ये सात मिस्ड कॉल. मी विचारलं, "चढला का नाहीत?" ते म्हणाले, "विनातिकीट?" छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार! मग माझं मनगट धरून त्यांनी घड्याळ बघितलं, स्टेशनचं बघितलं, स्वतःचं जुनं एचएमटी बघितलं. "अरे, बरोब्बर अर्धा तास मागे आहे. बिघडलं वाटतं."

बिघडलं नव्हतं. मी बटण दाबलं. सेकंद काटा निमूटपणे फिरला आणि 'दिल्ली'च्या शेजारच्या खुणेवर थांबला. कराची! टोकियोहून परत येताना रात्रीच्या अंधुक दिव्यात मी एक शहर पुढे निघून गेलो होतो. कराची आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. साडेअकरा वाजलेले असताना घड्याळात अकरा दिसले, तर कुणाच्या लक्षात येतं? उलट वाटलं, चला, झोपायला वेळ आहे अजून.

शिवनेरीत बसल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. लोणावळ्याजवळ तेच म्हणाले, "देशाची एक वेळ १९०६ साली ठरली. तरी मुंबई पुढे १९५५ पर्यंत स्वतःच्या वेळेवर अडून बसली होती, ३९ मिनिटं मागे. तू तर अर्धाच तास मागे आहेस." मग जरा थांबून म्हणाले, "गार्डाच्या नोकरीत घड्याळ लावलं की ते दुसऱ्याच्या घड्याळाशी ताडून बघायचं. मगच ड्युटीवर जायचं."

मला एकदम आमची घोरपडीची खोली आठवली. सकाळी रेडिओवर बातम्यांआधी पिप-पिप वाजायचं. बाबा एचएमटीची किल्ली ओढून, काटा अडवून उभे असायचे. शेवटचा पिप वाजला की टक्! किल्ली आत. तेव्हा आम्हाला बोलायचीसुद्धा परवानगी नसायची. अरे, मग हे काय वेगळं होतं? रेडिओवरून वेळ पकडणारं घड्याळ आमच्या घरात कधीचंच होतं. फक्त त्यातली अँटेना म्हणजे बाबा होते.

डॉक्टरांकडे पोचायला पाऊण तास उशीर झाला. रिसेप्शनवरच्या ताईंनी आधी नाही म्हटलं. मग बाबांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या शेवटी नंबर लावला. तीन तास बसलो. त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, मी दर पाच मिनिटांनी बघत होतो. गोळ्या बदलल्या, पथ्य सांगितलं, सहा महिन्यांनी यायला सांगितलं. तेवढ्यावर निभावलं.

तुमच्याकडेही असं घड्याळ असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर स्वतःची हजामत करून घेऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. एक, परदेशातून आल्यावर आधी शहर तपासा, मग काटे. दोन, तिकडे असताना रात्री घड्याळ खिडकीत ठेवा, टीव्ही आणि लॅपटॉपपासून लांब. तीन, ते आठवडाभर कपाटात कोंडू नका, ऊन दाखवा. काटे जरा तिरके थांबायला लागले तर काट्यांची मूळ जागा तपासायचा मोड असतो, तो वापरा. चुंबकाच्या शेजारी ठेवल्यानेही असं होतं. आणि चार, शहर बदललंत तर लगेच दुसऱ्या कुठल्याही घड्याळाशी ताडून बघा. चूक सेकंदांची असेल तर चालते. अर्ध्या तासाची चूक मात्र दिसायला अगदी बरोबर वेळेसारखीच दिसते.

सकाळी फोनला हात न लावायचा नियम अजून चालू आहे. फक्त त्यात एक अपवाद केलाय. रविवारी सकाळी बाबांचा फोन येतो. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "सात वाजून चार मिनिटं. तुझ्यात किती?"

मी मनगट बघतो. "सात चार, बाबा."

"ठीक आहे," म्हणतात आणि फोन ठेवतात.