शाळेतील रसायन व शेतातील क्षार

हायस्कुलातील विद्यार्थ्यास रसायनाची समीकरणे मुखोद्गत असतात. परंतु पाण्यात विरघळलेल्या मिठाचे काय झाले, असे विचारता पुष्कळ मुले 'नाहीसे झाले' असे सांगतात. द्रव्याचा नाश होत नाही हा लवाझिएने १७८९ साली मांडलेला नियम परीक्षेपुरता पाठ होतो, मनात उतरत नाही. ही चूक गुणांपुरतीच असती तर येथे तिचा विचार करण्याचे कारण नव्हते. पण हीच मुले उद्या आपली शेती पाहणार आहेत.

तासगावकडे पुष्कळ बागाईत विहिरींवर चालते. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेले पाणी एकरभर जमिनीत चार इंच दिले, तर सुमारे ४०० किलो क्षार शेतात पडतात. पाणी उन्हाने उडते, पीक पिऊन टाकते. क्षार बहुतांशी मागेच राहतात. निचरा नसेल तेथे ते साठत जातात. कृष्णा-वारणा काठच्या कित्येक उसाच्या जमिनी अतिपाण्याने व निचऱ्याअभावी अशाच क्षारपड झाल्या.

दुसरा घोटाळा शब्दाचा. घरी पापडखार ऐकलेले मूल 'क्षार' म्हणजे आम्लाच्या उलट पदार्थ असे धरून चालते. वस्तुतः साधे मीठ हाही क्षारच. ते ना आम्लधर्मी, ना आम्लारिधर्मी. हा भेद न उमगल्यामुळे सर्व क्षारपड जमिनींस एकच औषध, ते म्हणजे जिप्सम, असा समज होतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांस चिकटलेल्या सोडियमची जागा जिप्सममधील कॅल्शियम घेतो, म्हणून तेथे ते उपयोगी. केवळ क्षारयुक्त जमिनीस चर काढून निचरा करणे व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच उपाय. तेथे जिप्समचा खर्च व्यर्थ होय.

यास्तव शिक्षकांनी विहिरीचे पाणी बशीत आटवून मागे उरणारा पांढरा थर मुलांकडून तोलवून घ्यावा. दोन बाटल्यांत दोन शेतांची माती पावसाच्या पाण्यात घुसळून ठेवावी. चोपण मातीचे पाणी दीर्घकाळ गढूळ राहते, क्षारयुक्त मातीचे लवकर निवळते. या प्रयोगांस खर्च नाही. माती व पाणी मात्र आपणच पुरविली पाहिजेत, आणि माती परीक्षणाचा कागद आला की तो प्रथम मुलाच्या हाती देऊन त्याचा अर्थ त्यास विचारला पाहिजे. उत्तर अडले, तर उणीव कोठे आहे हे बापास व गुरुजींस एकदमच कळेल.