संडे स्कूल आणि आपलं माप

मित्रांनो, थेट बोलतो. चर्चच्या संडे स्कूलचं नाव निघालं की व्हॉट्सॲपवर सुरू होतं, 'लेकरं बाटवतात!' बाबांनो, तिथं बहुतेक ख्रिस्ती घरांतलीच लेकरं असतात. बायबलच्या गोष्टी, प्रार्थना, रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं. आपण आपली लेकरं बालसंस्कार वर्गाला धाडतो, कुणी मदरशात, कुणी बुद्धविहारात. मग यांच्यावरच पाळत कशाला?

10 डिसेंबर 2024 ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, परभणी रस्त्यावर उतरली. त्याच संविधानाचं कलम 25 धर्म पाळायची, सांगायची मुभा देतं. कलम 28 म्हणतं, पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लेकराला धर्मशिक्षणाला बसवायचं नाही. मिशनच्या शाळेला हे लागू, तसंच आपल्या संस्थाचालकांनाही.

माप एकच ठेवा: आईबापानं हो म्हटलंय का? नसेल तर सांगा, बातमी मी लावतो. पण हो असेल, तर रविवारी चर्चच्या दारात मोबाईल घेऊन उभं राहायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?

प्रतिकृतीसाठी उतरलात. आता आतल्या मजकुरासाठीही बोला.